कापलं डावीकडे, दुखलं उजवीकडे : दादाच्या ऑपरेशनचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन स्टार देतोय, आणि ते कुणाकुणाचे ते आधीच सांगून टाकतो. दीड सर्जनचा, एक रात्रपाळीच्या सिस्टरचा, उरलेला अर्धा भूल देणाऱ्या मॅडमचा. बाकीचे दोन कुठे गेले ते खाली येईलच. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, मला कुणाशी भांडण काढायचं नाहीये आणि खरं सांगायचं तर हे कुठल्याही मोठ्या, चकाचक हॉस्पिटलात होऊ शकतं असं माझं आता ठाम मत झालंय. मोठं आहे आधीच सांगतो, वेळ असेल तरच वाचा.

तर दादा, माझा मोठा भाऊ, वय ४८, वजन ११२ किलो, बीपीची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू. सोनोग्राफीत डाव्या किडनीवर छोटी गाठ सापडली. दुर्बिणीतून तेवढा भाग काढायचा, बाकी किडनी ठेवायची असं ठरलं. सर्जन खरंच चांगले, आधी चित्र काढून समजावलं, घाई नाही, वहिनीने तोच प्रश्न तीनदा विचारला तर तीनदा उत्तर दिलं. तीन तास लागतील म्हणाले होते, लागले पावणेसात. आतमध्ये रक्तस्राव आवरायला वेळ गेला हे त्यांनी बाहेर येऊन स्वतः सांगितलं, लपवलं नाही. गाठ पूर्ण निघाली, बायोप्सीत कडा क्लीन आल्या. म्हणजे ज्या कामासाठी गेलो होतो ते काम एक नंबर झालं. इथपर्यंत पाच स्टार.

संध्याकाळी पाचला दादा वॉर्डात आला. गुंगी उतरल्यावर पहिलं वाक्य काय असावं? "अरे, उजवा कुल्ला फुटतोय रे माझा." वहिनी माझ्याकडे बघतायत. "भाऊजी, ऑपरेशन डावीकडचं ना हो?" डावीकडचंच. पोटावरची तीन-चार छोटी भोकं पण डावीकडेच. तिथलं काही नाही, उजवीकडचं कण्हणं चाललंय.

ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. आले, चेहरा हसरा, "एकाच कुशीवर होते ना इतका वेळ, अवघडलंय, सकाळपर्यंत मोकळं होईल", इंजेक्शन सांगितलं आणि गेले. आता यात गंमत अशी की एरवी ते बरोबर ठरले असते. बहुतेक वेळा ते अवघडणंच असतं आणि सकाळी जातं. पण हात लावून बघितलं नाही. मी रात्री नऊला हात लावला तर मांसासारखं लागतच नव्हतं, कणीक फार घट्ट मळली की कशी होते तसं पण नाही, सरळ फळीसारखं.

हे कुशीचं प्रकरण आम्हाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्या डोक्यात ऑपरेशन म्हणजे पेशंट उताणा झोपलेला, वर मोठा दिवा. किडनीच्या ऑपरेशनला तसं नसतं. डावी किडनी असेल तर पेशंट उजव्या कुशीवर, आणि टेबल मधून वाकवतात म्हणजे कंबर आणि बरगड्या यातली जागा उघडते. म्हणजे ११२ किलोचा माणूस जवळजवळ सात तास एका कुल्ल्यावर, ते पण कडक टेबलावर. आपण रात्री झोपेत कितीदा कूस बदलतो याचा आपल्याला पत्ता नसतो, दुखलं की शरीर आपोआप वळतं. भुलेत दुखतच नाही, आणि दुखलं तरी वळायला स्नायू ढिले पाडलेले. खालच्या मांसातलं रक्त दाबून बंद, तास न तास. आणि खरा घोळ टेबलावर होत नाही, तो पलंगावर आल्यावर होतो, दाब निघतो, रक्त परत आत शिरतं, अर्धमेल्या पेशी फुगतात, फुटतात आणि पेशीच्या आत जे काही होतं ते सगळं रक्तात सोडतात. हे मला नंतर कळलं. त्या रात्री मला फक्त एवढं कळत होतं की दादा, जो दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर गेला होता, तो रडायच्या बेतात आहे.

पेन स्कोअरबद्दल बोलायचंय. दर काही तासांनी येतात, "शून्य ते दहा मध्ये किती दुखतंय?" दादा म्हणाला आठ. लिहिलं आठ. इंजेक्शन. परत आले, किती? आठ. लिहिलं आठ. मी नंतर तो कागद पाहिला, नुसते आकडे. किती हे विचारतात, कुठे हे विचारायला त्या कागदावर रकानाच नाही! डाव्या बाजूच्या टाक्यांचा आठ आणि उजव्या कुल्ल्याचा आठ हे त्या कागदाला सारखंच. त्या गेलेल्या दोनपैकी एक स्टार इथे गेला, आणि तो कुठल्या माणसावर नाही, त्या कागदावर.

दुसरी गोष्ट लघवीची पिशवी. कॅथेटर घातलेला, पिशवीत लालसर लघवी. आम्हाला आधीच सांगितलेलं की किडनीचा तुकडा काढलाय, एक-दोन दिवस लाल येणार, घाबरू नका. म्हणून आम्ही घाबरलो नाही. अकराच्या सुमाराला रंग बदलला, लाल जाऊन कोऱ्या चहासारखा, मग कोल्ड्रिंकसारखा. मी म्हणलं गडद झालंय. उत्तर तेच, किडनीचं ऑपरेशन आहे ना. आणि बघा ना, उत्तर इतकं पटणारं होतं की पुढे प्रश्न सुचतच नाही.

रात्री एकला सिस्टर आल्या, पिशवी रिकामी करायला. त्यांनी पिशवी उचलून ट्यूबलाईटकडे धरली. मग मोबाईलचा टॉर्च मागून लावला. "तुम्ही पेशंटचे भाऊ ना? हे कधीपासून असं आहे?" मी सांगितलं. "रक्त असलं ना की थोडं लाल थोडं फिकं असं दिसतं, मध्ये गुठळी असते, तळाला बसतं. हे वरपासून खालपर्यंत एकच तपकिरी आहे." मग त्यांनी दादाला तो प्रश्न विचारला जो आठ तासात कोणी विचारला नव्हता. कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखवा. दादाने बोट ठेवलं. त्यांनी हात लावला आणि काही न बोलता फोन करायला गेल्या.

पहिल्या फोनला डॉक्टर आले नाहीत. सिस्टरनी दुसरा केला. तोपर्यंत स्वतःच लघवीचं सॅम्पल पाठवायची तयारी करून ठेवलेली. डॉक्टर आले, थोडे वैतागलेले, पण आले, सही केली, सॅम्पल गेलं. एका सिस्टरने रात्री दीडला दुसऱ्यांदा फोन करणं म्हणजे काय असतं हे हॉस्पिटलात काम केलेल्या कुणालाही विचारा.

रिपोर्ट आला तो मी कायम लक्षात ठेवणार आहे. पट्टीच्या टेस्टमध्ये ब्लड तीन प्लस. आणि खाली सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी किती, तर दोन ते तीन. मला काही कळलं नाही, मला वाटलं टायपिंगची चूक. चूक नव्हती, तीच तर खूण! ती पट्टी रक्ताच्या पेशी ओळखत नाही, ती त्यातलं लोहाचं जे हीम असतं ते ओळखते, आणि स्नायूत जे मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन असतं त्यातही हेच हीम. म्हणजे पट्टी ओरडतेय रक्त रक्त आणि खाली बघितलं तर पेशीच नाहीत, मग हे रक्त किडनीच्या जखमेतलं नाही, हे मांस विरघळून येतंय. ऑपरेशननंतर इतक्या कमी पेशी दिसणं हे पण किडनीच्या टाक्यांना सर्टिफिकेटच होतं म्हणा, पण त्या वेळी कौतुक करायच्या मूडमध्ये कोणी नव्हतं.

मग सीपीके पाठवलं. हे एक एन्झाइम, स्नायूच्या आतलं, साधारण दोनशेच्या आत असायला हवं. पाचपट, म्हणजे हजाराच्या वर गेलं की ह्या आजाराचं नाव घेतात, पाच हजाराच्या वर किडनीची काळजी सुरू. दादाचं पहाटे साडेचारला १८,४००. दुसऱ्या दिवशी ४१,०००. पोटॅशियम वाढून ६.१, म्हणजे हृदयाला धोका, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते सांगणारा आकडा, १.० वरून २.६. नाव सांगितलं रॅबडोमायोलिसिस, म्हणजे तेच, मांस विरघळणं. वहिनींनी ते कागदावर लिहून घेतलं आणि तीन दिवस चुकीचं वाचत होत्या, मी पण.

आयसीयूला मात्र पूर्ण मार्क. पहाटे पाचला हलवलं, ईसीजी, हृदयाला सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, पोटॅशियम पेशीत ढकलायला ग्लुकोज आणि इन्सुलिन, आणि सलाईन. सलाईन म्हणजे किती, तर पहिल्या दिवसात नऊ लिटरच्या वर. किडनीच्या डॉक्टरांनी, म्हणजे नेफ्रोलॉजिस्टनी, मला बाजूला घेऊन सांगितलं की टार्गेट आहे तासाला २०० ते ३०० मिली लघवी, एरवी माणसाला तासाला पन्नास-साठ होते. "धुऊन काढायचंय. मायोग्लोबिन बारीक नळ्यांत जाऊन बसलं की नळ्या तुंबतात. औषध असं वेगळं नाही, पाणी हेच औषध." मी कुठेतरी सोड्याचं इंजेक्शन आणि मॅनिटॉल, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, वाचलं होतं ते विचारलं, तर म्हणाले वापरतात काही जण, पण पक्का पुरावा नाही, वेळेवर आणि भरपूर सलाईन याला तोड नाही. दर दोन तासांनी छातीला स्टेथो लावून फुप्फुसात पाणी साठत नाही ना बघत होते. रात्री दिलेलं दुखण्याचं इंजेक्शन किडनीला वाईट म्हणून बदललं, कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली कारण ती स्वतःच कधीकधी स्नायूंना त्रास देते.

आणखी एक, ऑर्थोवाले येऊन कुल्ल्याच्या स्नायूत सुई घालून आतलं प्रेशर मोजून गेले. बीपीचा खालचा आकडा आणि ते प्रेशर यातला फरक ३० च्या खाली गेला तर वरून चिरा देऊन मोकळं करावं लागतं. दादाचा फरक ३८ होता. चार तासांनी परत मोजलं, ४४. हे दोन आकडे ऐकेपर्यंत वहिनी जिन्यात बसून होत्या.

एक गोंधळ सांगतो, छोटा आहे पण बोलका आहे. सकाळच्या राऊंडला एक ज्युनियर डॉक्टर म्हणाले, एसजीओटी, म्हणजे लिव्हरच्या टेस्टमधलं एक एन्झाइम, खूप वाढलंय, लिव्हरचं पण बघावं लागेल. आमचं काळीज अजून खाली. दुपारी नेफ्रोवाले म्हणाले, अहो ते स्नायूतही असतं, तिथूनच आलंय, लिव्हर उत्तम आहे. तसंच कॅल्शियम, रिपोर्टमध्ये लाल अक्षरात कमी, मी म्हणलं देत का नाही? तर म्हणे आत्ता ते मेलेल्या मांसात जाऊन बसलंय, बरं होताना परत रक्तात येतं आणि मग उलट वाढतं, म्हणून पोटॅशियमसाठी किंवा झटके वगैरे आले तरच देतात, आकडा सुधारायला नाही. दोन्ही गोष्टी दोन मिनिटात समजल्या. पण त्या दोन मिनिटांसाठी पाच तास थांबलो. सर्जनची टीम वेगळी, नेफ्रोची वेगळी, आयसीयूची वेगळी, आणि तिघांचं एकत्र असं उत्तर नातेवाईकाला द्यायला कोणीच नाही, आपणच एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगायचं. अर्धा स्टार तिथे गेला.

आयसीयूच्या बाहेर खुर्चीवर वाचायला वेळच वेळ. तेव्हा कळलं की हा आजार डॉक्टरांच्या नीट नजरेत आला तो १९४१ मध्ये. लंडनवर बॉम्ब पडत होते, लोक ढिगाऱ्याखाली तासन् तास अडकायचे, बाहेर काढल्यावर शुद्धीत, बोलत असायचे आणि मग काही दिवसांत किडनी बंद पडून जायचे. बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी असे चार पेशंट लिहून ठेवले. ढिगारा उचलल्यावर माणूस वाचला असं वाटतं आणि तिथूनच सुरू होतं. मी फोन ठेवून दिला, कारण दादावर ढिगारा वगैरे काही नव्हता, त्याचं स्वतःचंच वजन होतं.

भूल देणाऱ्या मॅडमना अर्धा स्टार का ते सांगतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, घरात कोणाला भूल दिल्यावर एकदम जोराचा ताप, अंग कडक होणं असं झालंय का? मला तेव्हा विचित्र वाटला प्रश्न. नंतर समजलं की भुलेच्या काही औषधांनी काही घराण्यांत स्नायू असेच जळायला लागतात, तो वेगळा आणि फार भयंकर प्रकार, त्याला डँट्रोलिन नावाचं औषध लागतं. दादाचं ते नव्हतं, पण विचारलं हे महत्त्वाचं. पूर्ण स्टार का नाही? कारण वजन, कोलेस्टेरॉलची गोळी, कुशीवरचं लांब ऑपरेशन, हे सगळं त्यांच्याच कागदावर लिहिलेलं होतं, आणि ऑपरेशन दुप्पट लांबलं तेव्हा हे तिन्ही एकत्र करून वॉर्डला एक ओळ पाठवता आली असती, की बाबा ह्याच्या खालच्या बाजूकडे लक्ष ठेवा. ती ओळ नव्हती.

संमतीपत्राचं पण तेच. चार पानं. रक्तस्राव, इन्फेक्शन, पायात गुठळी, न्यूमोनिया, मृत्यू. सगळ्याखाली सही. पोझिशनमुळे स्नायूला, नसेला इजा होऊ शकते हे एक वाक्य कुठे नाही. दुर्मिळ आहे मान्य, लाखात काय असेल ते असेल, पण जाड माणूस आणि चार-पाच तासांच्या वरचं ऑपरेशन म्हणलं की तेवढं दुर्मिळ राहत नाही. वजन कमी करायच्या ऑपरेशनमध्ये, मणक्याच्या, पाय वर अडकवून करतात त्या ऑपरेशनमध्ये, सगळीकडे झालेलं आहे. घाबरवायला नको पण निदान आम्हाला माहीत असतं तर मी पाचलाच गळा काढला असता, एकपर्यंत शहाण्यासारखा बसलो नसतो.

सीपीके पुढे रोज साधारण निम्म्याच्या जवळपास उतरत गेलं, २३,०००, १३,०००, साडेसात, चार, करत आठव्या दिवशी हजाराच्या आसपास. लघवी त्याच्या खूप आधी, दुसऱ्या रात्रीपर्यंतच पिवळी झाली होती, मायोग्लोबिन काही तासांत निघून जातं म्हणे. म्हणजे सिस्टरनी ते सॅम्पल सकाळच्या राऊंडवर ढकललं असतं तर तपकिरी कदाचित फिकं झालेलं असतं, किडनीचं ऑपरेशन आहे ना हे उत्तर अजून पक्कं झालं असतं आणि सलाईन नेहमीच्याच वेगाने टपटपत राहिली असती. डायलिसिसचं मशीन शेजारी आणून ठेवलं होतं, लावावं लागलं नाही.

उरलेला अर्धा स्टार डिस्चार्जच्या कागदावर गेला. तीन पानांच्या समरीत गाठीवर दीड पान, आणि ह्यावर अर्धी ओळ, "रॅबडोमायोलिसिस, कॉन्झर्व्हेटिव्हली मॅनेज्ड". बस. कोलेस्टेरॉलची गोळी परत कधी? लिहिलं नाही. दुखण्याच्या कुठल्या गोळ्या टाळायच्या? नाही. पुढच्या वेळी भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरला काय सांगायचं? नाही. मी काउंटरवर पाऊण तास उभा राहून ते सगळं हाताने लिहून, सही-शिक्का घेऊन आलो. माझ्यामागे रांग लागली होती, लोकांनी शिव्या घातल्या असतील, घालू दे. तुम्ही पण उभे राहा. आणि ऑपरेशनआधी विचारा की कुशीवर की उताणं, किती तास, लांबलं तर काय, दाबाच्या जागी काय ठेवता, आणि नंतर टाके एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे असेल किंवा पिशवीत कोरा चहा दिसायला लागला तर गप्प बसू नका, सीपीके केलंय का एवढं विचारा, एक रक्ताची टेस्ट आहे. तिन्ही गोष्टी, म्हणजे दुखणं, अशक्तपणा आणि काळी लघवी, एकत्र दिसतील म्हणून थांबू नका, बहुतेकांत तिन्ही एकत्र येतच नाहीत.

स्वच्छता चांगली, लिफ्ट हळू, वेटिंगच्या खुर्च्या वाईट, पार्किंग ठीक. हे पण लिहितो कारण त्यांच्या फीडबॅक फॉर्ममध्ये हेच विचारलं होतं.

आता चार महिने झाले. क्रिएटिनिन १.३ वर थांबलंय, किडनीचा तुकडा गेलाय तेव्हा एवढं चालतं म्हणाले. दादा तासाच्या वर कडक खुर्चीवर बसत नाही, बसला तर डावीकडे कलून. फॉलोअपला गेलो तेव्हा मी त्या सिस्टरना शोधायला वर गेलो, त्यांची बदली दुसऱ्या मजल्यावर झालेली. सापडल्या. मी दादाचं नाव सांगितलं, चेहऱ्यावर काही नाही. ऑपरेशन सांगितलं, तारीख सांगितली, नाही. मग बेड नंबर सांगितला तर म्हणाल्या, "अच्छा, ती कोऱ्या चहाची पिशवी! आता कसा रंग आहे?"